त्या दिवशी टाळ्या कशाला पडल्या

पुणे
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय चैताली,

लग्न ठरल्याचा तुझा मेसेज मिळाला. ८ फेब्रुवारी, पुण्यातच, आणि अभिनवच्या घरचे लोक समजूतदार आहेत हे वाचून फार बरं वाटलं. नेहमीप्रमाणे हाताने लिहून त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते आहे. मी टाइप करायला लागले की जपानीत नम्र आणि मराठीत उद्धट होते, असं तूच म्हणायचीस. नावात नम्रता असून उपयोग नाही, हेही तूच म्हणायचीस.

पण मेसेजच्या शेवटच्या दोन ओळी वाचून मी चष्मा काढून ठेवला. "बाबांना बोलावणार नाही. सेन्सेई, त्यांच्या जागी तुम्ही उभ्या राहा." अगं, काय हे! एकसष्ट वर्षांची अविवाहित बाई कन्यादान करणार म्हटल्यावर गुरुजींचं जे व्हायचं ते होईल, त्याची मला काळजी नाही. माझे गुडघे पाटावर बसायला तयार नाहीत, हेही कारण मी दोन दिवस घोकलं. पण खरं सांगायचं तर ती जागा रिकामी नाही. तिथे माणूस आहे, जिवंत आहे, विश्रांतवाडीत राहतो आणि रोज सकाळी तुझ्या तुळशीला पाणी घालतो.

तुझी बाजू मला पाठ आहे. मे महिन्यात इकडे पाकिस्तानशी ते चार दिवस चालले होते, भोंग्यांचा सराव झाला, लोक बिस्किटांचे पुडे साठवत होते, तेव्हा तुझे बाबा, आपले रावसाहेब, सोसायटीच्या आवारात खुर्चीवर उभे राहून बोलले. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. "एकच टाका आन् संपवा. हिरोशिमाची बाई पुण्यात येऊन माझ्या तोंडावर सांगून गेली हाय. त्यानंच युद्ध संपलं, आमची काई तक्रार न्हाई, म्हणाली." तो व्हिडिओ फिरत फिरत हिरोशिमात तुझ्या फोनवर आला. तू तो मोरिता-सानना दाखवलास. नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या शहरावर बॉम्ब पडला. गेली तीस वर्षं त्या शाळाशाळांत जाऊन ती सकाळ सांगतात. एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांना स्वतःच्या नावावर हे ऐकावं लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तर त्या गृहस्थांना 'नाही' म्हणाले होते." त्यावर तू वडिलांना फोन करून खोटारडे म्हणालीस. सहा महिने झाले, तुम्ही दोघं बोलत नाही.

चैताली, तुझे बाबा हट्टी आहेत, मोठ्याने बोलतात, वर्तमानपत्र वाचताना सगळ्या जगाला शिव्या घालतात. पण खोटं बोलत नाहीत. तुझी आई गेल्यावर दहावीच्या वर्षात रोज तुझा डबा भरणारा माणूस आहे तो. मोरिता-सानच्या पुण्यातल्या त्या कार्यक्रमाला आता सात वर्षं होतील. हॉलचा माईक खरखरत होता. ऐकण्यात, सांगण्यात काहीतरी इकडचं तिकडे झालं असेल. एवढ्यासाठी कुणी बाप सोडतं का?

मला त्यांची जागा देऊ नकोस. अहेर मात्र मी चांगला करणार आहे.

तुझी,
नम्रता दातार


पुणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय चैताली,

तुझं उत्तर शिष्येला शोभेल असं आहे. "माईकचं सांगू नका. माईक तुमच्याच हातात होता. त्या म्हणाल्या की नाही म्हणाल्या, एका ओळीत सांगा." मी तीस वर्षं भाषा शिकवली, त्यात तुझ्यासारखी चार पोरं निघाली. आता त्याचा त्रास मलाच होणार, दुसऱ्या कुणाला होणार?

एका ओळीत जमणार नाही. तू त्या वेळी आत चहा भरत होतीस, म्हणून सगळंच सांगते.

१२ जानेवारी २०१९. शनिवार. आपल्या जपानीच्या क्लासने शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. मोरिता-सानचं बोलणं संपलं. मग प्रश्नोत्तरं. आपल्याकडच्या प्रश्नोत्तरांत प्रश्न कमी आणि भाषणं जास्त असतात, ती झाली. एका गृहस्थांनी तर वेदांत अणू कसा आहे हे सांगून घेतलं. त्यानंतर मागून तुझे बाबा उठले. हातात पिशवी. पिशवीतून ॲल्युमिनियमचा एक मग काढला, जुना, चेपलेला, आणि थेट स्टेजपाशी आले.

तो मग तुला माहीत आहे. त्यावर त्रेचाळीस रेघा आहेत. तुझ्या आजोबांचा तो. मांजरी गावाहून फौजेत गेले, बेचाळीस साली सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत सापडले आणि महिन्याला एक रेघ ओढत राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या आईने त्यांना ओळखलं नव्हतं. तुझे बाबा मोरिता-सानना म्हणाले, "बाई, हा माझ्या बापाचा मग हाय. तुमच्या लोकांनी त्याला साडेतीन वर्सं कोंडला. त्याच्याबरोबरची निम्मी माणसं तिथंच मेली. बॉम्ब पडला, युद्ध संपलं, म्हणून तो परत आला. म्हणून मी जन्मलो. आता तुमीच सांगा, बॉम्ब टाकला ते बरोबर का चूक?"

सत्तरीचा माणूस बापाचा मग घेऊन उभा होता. मोरिता-सान माझ्याकडे बघत होत्या. त्या माझ्या शहरात पाहुण्या होत्या. मी तो प्रश्न जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवू शकले नाही. त्यांना जपानीत एवढंच विचारलं, "या गृहस्थांचे वडील तुमच्या देशाच्या कैदेत होते, युद्ध संपल्यावर सुखरूप परत आले. तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "ते परत आले याचा मला आनंद आहे." मी ते मराठीत सांगितलं. तुझ्या बाबांनी ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर समजून घेतलं. पुढची सजावट सात वर्षांत आपोआप झाली असणार, सांगता सांगता गोष्टी वाढतातच.

तेव्हा रावसाहेब खोटं बोललेले नाहीत. मोरिता-सानही नाहीत. मी प्रश्न मऊ केला, ती माझी चूक. दुभाष्याने असं करायचं नसतं, हे मीच तुम्हाला पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून द्यायचे. मला माफ कर आणि बाबांना फोन कर.

नम्रता दातार


पुणे
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

चैताली,

हे पत्र मिळताच, फोनवर वाचताच, उठून मोरिता-सानकडे जा. बाकीचं जाता जाता ट्राममध्ये वाच.

त्यांना सांग, तुमची आठवण बरोबर आहे. तो प्रश्न तुम्हाला विचारला होता. तो मग तुम्ही हातात घेतला होता, फिरवून त्यावरच्या रेघा मोजल्या होत्या, हलक्या आवाजात, जपानीत, त्रेचाळीसपर्यंत. सगळं खरं आहे. दातारांनी खोटं लिहिलं, दुसऱ्यांदा.

तू मला किती चांगलं पत्र लिहिलंस! "सेन्सेई, तुम्ही पाहुणीला जपलंत, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं." मी ते वाचून एक दिवस सुखाने जेवले. दुसऱ्या दिवशी तुझा पुढचा मेसेज आला. तू माझं म्हणणं त्यांना सांगितलंस. त्या म्हणाल्या, "मग तो प्रश्न मला विचारलाच नव्हता का? मला तर तो ऐकल्याचं आठवतं. मी दिलेलं उत्तरही आठवतं." आणि या आठवड्यात त्यांनी शाळांना कळवलं, की माझ्या आठवणीचा आता भरवसा राहिलेला नाही, मी साक्ष द्यायला येणार नाही.

त्या बाईकडे आठवणीशिवाय दुसरं काय आहे? घर नाही राहिलं, आई नाही, बहीण नाही. शहरही नवं बांधलेलं. तीस वर्षं जी आठवण त्यांनी जपून ठेवली, ती मी एका पत्रात खोटी ठरवली. तेही कशासाठी, तर तुझ्या नजरेत मी फक्त अर्धी वाईट ठरावी म्हणून.

आता खरं.

मी प्रश्न बदलला नव्हता. शब्दन् शब्द विचारला. मला ते काम चांगलं येतं. मोरिता-सान मग हातात धरून उत्तर द्यायला लागल्या. त्या म्हणाल्या ते असं:

"तुमचे वडील परत आले, याचा मला आनंद आहे. मनापासून आहे. आमच्या लोकांनी त्यांचे जे हाल केले त्याची मी क्षमा मागते. पण बॉम्ब टाकला ते बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. ते चूक होतं. माझी धाकटी बहीण चार वर्षांची होती. तिने तुमच्या वडिलांना कोंडलं नव्हतं. तिच्या जिवावर त्यांना सोडवायचं कुणीतरी ठरवलं, ते तिला विचारून ठरवलं नाही. उद्या मला वाचवण्यासाठी कुणी दुसऱ्या गावावर तो टाकायला निघालं, तर मी सांगेन, मला वाचवू नका."

आणि मी माईकमध्ये बोलले ते असं:

"तुमचे वडील परत आले, याचा मला आनंद आहे. मनापासून आहे. आमच्या लोकांनी त्यांचे जे हाल केले त्याची मी क्षमा मागते. जे झालं त्याने युद्ध संपलं आणि तुमच्यासारखी घरं पुन्हा उभी राहिली. माझ्या मनात काही तक्रार नाही."

तुझ्या बाबांनी एका अक्षराची भर घातलेली नाही. सात वर्षं माझंच वाक्य ते सांगत आले आहेत.

का, असं विचारशील. तुझ्या हमीपत्रावर त्यांची सही हवी होती. आठवतं ना? जपानची शिष्यवृत्ती मिळाली होती आणि पालकाच्या सहीवाचून सगळं अडलं होतं. तुमच्या घरात दोन वर्षं युद्धच चाललं होतं. तू जेवायची नाहीस, ते बोलायचे नाहीत. "ज्यांनी माझ्या बापाला उपाशी मारलं त्यांच्या दारात माझी पोरगी जाणार न्हाई." शेवटी ते मला म्हणाले होते, "त्या बाई येणार हायेत ना, त्यांनाच विचारतो. मग बघू." मोरिता-सान 'चूक होतं' म्हणाल्या, आणि मला समोर फाटलेलं हमीपत्र दिसलं. तुझा चेहरा दिसला. खोटं का बोलू, माझ्या क्लासच्या वीस वर्षांत शिष्यवृत्तीवर जाणारी पहिली विद्यार्थिनी, हेही दिसलं. मला वाटलं, हे एकच वाक्य टाकावं. एकाच वाक्यात दोन वर्षांचं भांडण मिटतं आहे, दोन माणसं सुखी होताहेत, आणि म्हातारीला तर काही कळणारही नाही. बिघडलं कुठे?

आणि खरोखर मिटलं. दुसऱ्या दिवशी सही केलेला कागद घेऊन ते माझ्या दारात. मी त्या दिवशी श्रीखंड आणलं होतं.

ज्यांच्यावर ते वाक्य पडलं, त्या तुमच्या भांडणात नव्हत्याच. हे मला मे महिन्यात, तो व्हिडिओ बघताना पहिल्यांदा कळलं असं लिहिणार होते. तेही खोटं होईल. मला तिथल्या तिथे कळलं होतं. सलिल पहिल्या रांगेत बसला होता, तुझ्याच बॅचचा. बाकीची पोरं जेमतेम अक्षरं शिकलेली, पण त्याला सगळं समजत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. पुढच्या महिन्यापासून तो क्लासला आला नाही. सगळ्यांना मी सांगितलं, त्याला नोकरी लागली.

आणि टाळ्या. तुला आतून टाळ्या ऐकू आल्या, तू ट्रे घेऊन बाहेर आलीस, तेव्हा तुझे बाबा हात जोडून उभे होते आणि मोरिता-सान वाकून नमस्कार करत होत्या. तू म्हणालीस, किती छान झालं ना, सेन्सेई. परतताना गाडीत मोरिता-सान मला म्हणाल्या, "इतकं स्पष्ट उत्तर दिलं, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या शहरातली माणसं धीट आहेत." मी म्हटलं, हो, पुण्याची माणसं तशी आहेत.

जा आता. त्यांना हे सगळं सांग. मग मला काय म्हणायचं ते म्हण.

नम्रता


पुणे
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चैताली,

तुझ्याकडून दोन आठवडे काही आलं नाही. यावं अशी माझी अपेक्षाही नाही. फक्त काल तू एक ओळ पाठवलीस, "त्यांना सांगितलं. त्या रडल्या. बाबांना मी सांगणार नाही, ते तुमचं काम आहे." बरोबर आहे. ते काम आज सकाळी केलं.

विश्रांतवाडीला बसने गेले. दार रावसाहेबांनीच उघडलं. वाळले आहेत थोडे. "या बाई. पोरीनं धाडलं?" मी म्हटलं, नाही, माझी मीच आले. बसा म्हणाले, आणि स्वतः चहा ठेवायला आत गेले. मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलले असते, ते मला फार छान जमतं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि त्यांच्या पाठीला सगळं सांगितलं. हॉल, प्रश्न, उत्तर, मी काय केलं, तुला पहिल्यांदा काय लिहिलं, दुसऱ्यांदा काय लिहिलं.

त्यांनी गॅस बंद केला. वळले नाहीत. मग म्हणाले, "त्या बाई काय म्हणाल्या ते परत सांगा. आदी त्यांच्या भाषेत सांगा."

"तुम्हाला कळणार नाही, रावसाहेब."

"तवा बी कळत नव्हतंच की."

मी जपानीत सांगितलं. मग मराठीत. सात वर्षांनी, चहाच्या अर्ध्या उकळलेल्या पातेल्यासमोर, मी ते काम धडपणे केलं. ते ऐकत होते. क्षमेचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. 'ते चूक होतं' याला काही केलं नाही.

"भन किती वर्सांची?"

"चार."

"नाव?"

मला आठवेना. मोरिता-सानने भाषणात नाव सांगितलं होतं. मी ते माझ्या तोंडाने मराठीत उच्चारलं होतं. मला आठवेना, चैताली. मी तसं सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला वाटतं त्यांना त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

मग बाहेर येऊन खुर्चीत बसले. शोकेसमध्ये तो मग आहे, तुझ्या बक्षिसांच्या शेजारी. म्हणाले, रियाजभाई मे महिन्यापासून फिरायला येत नाहीत. हे शेजारच्या इमारतीतले रियाजभाई, वीस वर्षं दोघं पहाटे बरोबर चालायचे. त्या भाषणानंतर त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "एकच टाका म्हणता, पण कुठं टाकायचा, रावसाहेब? माझी खाला, आईची बहीण, कराचीत आहे." रावसाहेबांनी तेव्हा त्यांना उत्तर दिलं होतं, "त्या हिरोशिमाच्या बाईची तक्रार न्हाई, मग तुमची का?" हे मला सांगताना ते मगाकडे बघत होते.

मी म्हटलं, माझ्यामुळे झालं हे. चैतालीचं जाणं तुमच्या सहीवर अडलं होतं, तुम्ही ती केली नसती, म्हणून मी असं केलं.

"कोण म्हणलं, केली नसती?"

"तुम्हीच म्हणाला होतात. त्या बाईंना विचारतो, मग बघू."

"बाई, म्या हमीपत्रावर सही करूनच आलो हुतो. हॉलात खिशात हुतं माझ्या."

मला खरंच वाटेना. मी विचारलं, म्हणजे त्या काहीही म्हणाल्या असत्या तरी तुम्ही तिला पाठवलं असतं? तुझे बाबा मला बरं वाटावं म्हणूनही खोटं बोलले नाहीत, आणि मला टोचावं म्हणूनही नाही.

"ते आता काय सांगू? कदाचित पाठवली असती. म्हातारी तोंडावर खरं बोलती, अशा मान्सांत पोरीला भ्या न्हाई, असं बी वाटलं असतं. कदाचित तिथंच कागद फाडला असता. पन फाडायचा का न्हाई, ते माझं मला ठरवू द्यायचं हुतं. तुमी ठरवून टाकलंत."

घरी येऊन मी क्लासच्या जुन्या फायली काढल्या. तुझ्या हमीपत्राची झेरॉक्स मिळाली. रावसाहेबांची सही, खाली तारीख: १० जानेवारी २०१९. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीची. त्यांनी कागद आणून दिला तेव्हा मी फक्त सही बघितली होती, तारीख वाचलीच नाही. सात वर्षं ती माझ्या कपाटात आहे.

मी स्वतःला एवढंच म्हणत आले, की वाईट केलं खरं, पण त्याशिवाय भांडण मिटलं नसतं. तो आधार आता गेला. कदाचित ते आधीच मिटलं होतं, माणूस सही करून खिशात घालून आला होता, फक्त सगळ्यांसमोर एकदा आपलं दुखणं विचारणार होता. कदाचित नसेलही. मला कधीच कळणार नाही, आणि ही शिक्षा योग्य आहे असं मला वाटतं. मोरिता-सान त्या दिवशी भाषणात म्हणाल्या होत्या, की टाकणारे अजूनही म्हणतात, त्यावाचून संपलं नसतं. ते वाक्य मात्र मला आठवतं. त्याचं भाषांतर मी अगदी अचूक केलं होतं.

निघताना रावसाहेबांनी वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं आणि मला दिलं. म्हणाले, पोरीला धाडा, ती त्या बाईंना वाचून दाखवील. त्याचा फोटो सोबत आहे, तरी अक्षर लागणार नाही म्हणून उतरवून देते.

"मोरिताबाईंना रावसाहेब शितोळे यांचा नमस्कार. तुमचे खरे उत्तर आज कळले. मी तुमच्या नावावर जे बोललो ते येत्या २६ जानेवारीला झेंड्यासमोर, त्याच आवारात, त्याच लोकांसमोर परत घेणार आहे. रियाजभाईंना आज संध्याकाळी घरी जाऊन सांगतो. तुमचे उत्तर मला पटलेले नाही. माझा बाप परत आला हे मी चूक कसे म्हणू. पण ते उत्तर तुमचे आहे, ते मोडून वापरायचा मला हक्क नव्हता. तुमच्या बहिणीचे नाव कळवावे. साक्ष देणे सोडू नये ही विनंती."

त्यांनी तुझ्याबद्दल मला एक शब्दही विचारला नाही. फक्त दार लावताना म्हणाले, "आठ फेब्रुवारीला रविवार हाय न्हवं?" त्यांना तारीख कुणी सांगितली ते मला माहीत नाही. मी नाही सांगितली. ती जागा त्यांची आहे, ते तू बघ. मला आमंत्रण देऊ नकोस. दिलंस तरी मी येणार नाही, आणि या वेळी गुडघ्यांचं कारण सांगणार नाही.

एक काम कर. ही चारही पत्रं मोरिता-सानना वाचून दाखव, तुझ्या जपानीत. ती आता माझ्यापेक्षा चांगली आहे. माझ्याबद्दल कुठे काही सौम्य करू नकोस. बाबांचं पत्र शेवटी वाच. वाचताना तुला एका ठिकाणी थांबावंसं वाटेल, म्हातारी बाई आहे, आधीच रडली आहे, आता कशाला, असं वाटेल. मला ते ठिकाण माहीत आहे.

"तुमचे उत्तर मला पटलेले नाही." हे वाक्य गाळू नकोस.

नम्रता दातार